‘अधिकार’ आणि ‘ओळख’

ग्रंथाचें परीक्षण करावें, काव्याचे गुणदोष दाखवावे, नाटकाच्या संविधानकांतील शिथिलता उघड करावी, हा टीकाकाराचा नित्याचा व्यवसाय होय. आज मात्र आम्ही वाचकांपुढें जें लेखन परीक्षणासाठीं ठेवीत आहों, तें कोणा ग्रंथकाराचें नाहीं. त्यास पुठ्ठा नाहीं, प्रस्तावना नाहीं, आणि त्याचा एकूण मजकूर चारदोन ओळींहून अधिक नाहीं. तथापि ज्या घरीं एकही पुस्तक पोंचलें नाहीं त्या घरींही तें पोंचलें आहे, आणि ज्यास एक अक्षर वाचतां येत नाहीं तो मनुष्यही तें जिवापाड जपून ठेवीत आहे. आम्ही बोलत आहों तें प्रत्येकाच्या पाकिटांत, पेटींत किंवा पदराच्या गांठींत असलेल्या ‘आधार’ कार्डाविषयीं.

या कार्डावर बारा आंकडी क्रमांक, छायाचित्र, नांव व पत्ता यांखेरीज एक ओळ छापलेली असते. ती कोणी सहसा वाचीत नाहीं. आरंभीं जीं कार्डें निघालीं, त्यांवर ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’ असें वचन होतें. पुढें जीं निघूं लागलीं, त्यांवर ‘माझे आधार, माझी ओळख’ हे शब्द आले. बदल केवढासा! एक शब्द गेला, दुसरा आला. परंतु भाषेचा ज्यास थोडाबहुत सराव आहे, त्याच्या लक्षांत येईल कीं, येथें केवळ शब्द पालटला नाहीं, तर वाक्य बोलणारा पालटला आहे, आणि भाराची बाजूही पालटली आहे. पहिल्या वाक्यांत शासन बोलत होतें, आणि आपण सामान्य माणसाचें कांहीं देणें लागतों असें कबूल करीत होतें. कारण अधिकार म्हटला कीं, दुसऱ्या बाजूस कोणावर तरी कर्तव्य येतेंच. दुसऱ्या वाक्यांत ‘मी’ बोलतों. पण तें वाक्य माझ्या तोंडीं घातलेलें आहे. ओळख पटवून देण्याचें काम माझें. ती पटली नाहीं तर दोष माझा. अधिकार मागावयाचा असतो, ओळख दाखवावयाची असते. या दोन क्रियापदांमधील अंतर हाच आमच्या आजच्या परीक्षणाचा विषय आहे.

आम्हां खानदेशकरांस या ओळीकडे दुर्लक्ष करणें शोभत नाहीं. कारण हें कार्ड प्रथम दिलें गेलें तें आमच्याच मुलखांत. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादें तालुक्यांतील टेंभली या लहानशा गांवीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार-क्रमांक तेथील रहिवाशांस देण्यांत आले. जुना खानदेश जिल्हा १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा दुभंगला. पूर्वेकडला पुढें जळगांव झाला, पश्चिमेकडला धुळें झाला, आणि त्या धुळ्यांतून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार वेगळा निघाला. टेंभली आज नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. परंतु तें गांव जळगांव-धुळ्याच्या माणसास परकें वाटावें असें नाहीं.

आरंभींच एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. ही कल्पना मुळांत हीन नव्हती. सातपुड्याच्या पाड्यावर जन्मलेल्या भिल्लाची वा पावऱ्याची जन्मनोंद बहुधा कोठें नसे. तो मजुरीसाठीं गुजरातेंत गेला कीं तेथें त्यास कोणी ओळखीत नसे. परत आला कीं तहसील कचेरींतील कारकून त्यास कागद विचारी, आणि कागद नाहीं म्हटल्यावर त्याचें अस्तित्वच संपे. ज्यांच्या घरीं दाखले, सनदा आणि खातेउतारे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत, त्या आम्हां पांढरपेशांस या अवस्थेची कल्पना येणार नाहीं. अशा माणसास त्याच्याबरोबर गांवोगांव जाईल आणि कोणत्याही कारकुनास नाकारतां येणार नाहीं असा एक क्रमांक मिळावा, हा हेतु उदात्त होता. आणि त्या पहिल्या कार्डावर ‘अधिकार’ हा शब्द छापणारानें तो मनापासून छापला असेल, असें मानण्यास आमची कांहींच हरकत नाहीं. प्रश्न हेतूचा नाहीं. तो शब्द पुढें टिकला कां नाहीं, हा आहे.

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या विद्येचा परदेशीं झालेला प्रवास हा आजचा नव्हे. इंग्रजी अमलांत बंगाल्यांत या विद्येचे प्रयोग झाले, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांचें वर्गीकरण करण्याचें बिकट गणित अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां देशी अंमलदारांनीं बसविलें. पद्धतीस नांव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें मिळालें. हेन्रीसाहेब ही विद्या घेऊन आधीं दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले, आणि १९०१ सालीं ती लंडनच्या पोलिसांत रुजली. म्हणजे जितांवर पाहिलेला प्रयोग जेत्यांच्या राजधानींत गेला.

त्यानंतर कांहीं वर्षांतच ही विद्या हिंदी माणसाच्याच हातावर उलटली. ट्रान्सव्हालमध्यें १९०६ सालीं आशियाई रहिवाशांवर नोंदणीची आणि ठशांची सक्ती करणारा कायदा योजिला गेला, आणि त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील सभेंत हिंदी लोकांनीं शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म झाला तो येथें. या प्रकरणांतील एक बारकावा सहसा सांगितला जात नाहीं. गांधीजींचा विरोध ठशांना नव्हता, सक्तीला होता. १९०८ च्या जानेवारींत तडजोड झाली, सक्ती रद्द होईल अशी आशा उत्पन्न झाली, तेव्हां त्यांनीं आपखुषीनें नोंदणी करण्यास मान्यता दिली. त्यापायीं स्वकीयांचा मारही खाल्ला. परंतु सक्तीचा कायदा रद्द झाला नाहीं हें दिसतांच त्याच वर्षीं १६ ऑगस्ट रोजीं मशिदीच्या आवारांत त्याच आपखुषीच्या दाखल्यांची होळी करण्यांत आली. जें स्वेच्छेनें दिलें तें सक्तीचें ठरतांच परत मागण्याचा अधिकार माणसास आहे, हें तत्त्व त्या ज्वाळांत दिसलें.

आमच्या आधाराचाही आरंभ ‘स्वेच्छा’ या शब्दानेंच झाला होता. विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झालें २००९ च्या जानेवारींत, तेंही केवळ सरकारी अधिसूचनेनें. कायद्याचें विधेयक संसदेंत आलें तें टेंभलीच्या समारंभानंतर, २०१० च्या डिसेंबरांत. आणि संसदेच्या स्थायी समितीनें तें पुढील वर्षीं नापसंत केलें. तरी नोंदणी चालूच राहिली. ठसे आणि बुबुळें जुळविणारी यंत्रणा आम्हीं स्वतः निर्मिली होती असेंही नाहीं. २०१० सालीं तें काम ज्या कंपन्यांकडे गेलें त्यांत अमेरिकेची एल-वन, फ्रान्सची मॉर्फो व ॲक्सेंचर यांचा समावेश होता. २३ सप्टेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, आधार नाहीं म्हणून कोणाचें नुकसान होऊं नये, असा अंतरिम आदेश दिला. अखेर २०१६ सालीं कायदा झाला तो धनविधेयकाच्या वाटेनें, म्हणजे राज्यसभेस तो अडवितां येणार नाहीं अशा रीतीनें. टेंभली आणि कायदा यांमध्यें साडेपांच वर्षांचें अंतर आहे. आधीं बोटें घेतलीं, मग त्यांचा कायदा झाला. आणि कायदा झाला तेव्हां स्वेच्छा हा शब्द धान्य, निवृत्तिवेतन व शिष्यवृत्ति यांपुरता तरी निरर्थक होऊन बसला होता.

आतां ‘ओळख पटणें’ म्हणजे प्रत्यक्षांत काय, तें पाहूं. रेशन दुकानीं यंत्र आहे. त्यावर अंगठा ठेवावयाचा. यंत्रानें दूरच्या संगणकास विचारावयाचें. तेथून होकार आला तर धान्य. जो लिहितो-वाचतो त्याच्या मऊ अंगठ्यास बहुधा अडचण येत नाहीं. पण आमच्या मुलखाचे हात कसे आहेत? जळगांवकडे केळीचा घड उतरविणाऱ्याच्या हातांस चिकाचे काळे डाग पडतात; धुळ्याकडे कपाशीचीं बोंडें वेंचणाऱ्या बायांचीं बोटें ओरखडून निघतात; बांधकामावर सिमेंट कालविणाऱ्याच्या रेषा झिजतात, आणि म्हातारपणीं तर सर्वांच्याच झिजतात. ज्यानें आयुष्यभर हातानें काम केलें त्याचाच हात यंत्रास ओळखूं येऊं नये, हा केवढा विपर्यास! ‘अंगठा उमटत नाहीं’ हे शब्द आतां खेड्यापाड्यांच्या बोलींत रुजले आहेत. पूर्वीं अंगठा उठविणें ही निरक्षरतेची खूण होती. आतां अंगठा न उमटणें ही दारिद्र्याची खूण होऊं पाहत आहे.

ही केवळ आमची भावना नव्हे. भारत सरकारच्याच २०१६–१७ च्या आर्थिक पाहणींत ओळख न पटण्याचें प्रमाण झारखंडांत शेंकडा ४९ व राजस्थानांत शेंकडा ३७ असल्याचे अंदाज नमूद आहेत. प्राधिकरणानें २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें जी माहिती ठेवली तींतही सरकारी सेवांच्या बाबतींत ओळख पटण्याचें प्रमाण शेंकडा ८८ होतें. यावर प्राधिकरणाचें म्हणणें असें कीं, एकदां ओळख पटली नाहीं म्हणजे धान्य नाकारलें असें होत नाहीं. पुन्हां प्रयत्न करतां येतो, दुसरें बोट वापरतां येतें, भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक सांगतां येतो. हें म्हणणें खोटें नाहीं, आणि नियमांत पर्यायही आहेत. पण तें सर्व कोणी करावयाचें? ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली त्यानें. आणि ज्या वेळीं दुकानदार नियमांतील तो पर्याय मानीत नाहीं, त्या वेळीं दाद कोणाकडे मागावयाची? यंत्राशीं वाद घालतां येत नाहीं. कारकून चुकला तर त्याच्या वरिष्ठाकडे जातां येत असे. यंत्र नाहीं म्हणालें कीं दुकानदारही म्हणतो, ‘आमच्या हातांत कांहीं नाहीं’, आणि तो खरें तेंच सांगत असतो. २०१७ सालीं झारखंडांतील सिमडेगा जिल्ह्यांत अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. शिधापत्रिका आधारास जोडलेली नसल्यानें घरांत धान्य येणें बंद झालें होतें, असें तिच्या आईचें म्हणणें. मृत्यु भुकेनें नव्हे, हिंवतापानें झाला, असें शासनाचें म्हणणें. आम्ही या वादांत पडत नाहीं. पण ज्या घरीं आजार आहे त्या घरचें धान्य जोडणीच्या कारणानें थांबावें, एवढी एकच गोष्ट खरी मानली, तरी ‘सामान्य माणसाचा अधिकार’ या शब्दांस ती लाज आणण्यास पुरेशी आहे.

या साऱ्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयांत झाला. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं अर्ज केला. त्यांतून आधीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं चार विरुद्ध एक अशा मतानें आधार कायदा, कांहीं तरतुदी वगळून, कायम केला. बहुमताचें निकालपत्र न्या. सिक्री यांनीं लिहिलें, भिन्नमत न्या. धनंजय चंद्रचूड यांचें. हीं दोन्ही निकालपत्रें एकाच पुराव्यावर लिहिलेलीं आहेत, म्हणून तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचणें उद्बोधक आहे. बहुमताची दृष्टि योजनेच्या विस्ताराकडे आहे: कोट्यवधि गोरगरिबांस लाभ पोंचतो, घेतलेली माहिती थोडी आहे, आणि जे वगळले जातात त्यांच्यासाठीं योजना मोडूं नये, सुधारावी. या दृष्टींत कांहीं तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? खासगी कंपन्यांस व बँकांस आधाराची सक्ती करण्यापासून याच निकालानें रोखलें, हेंही त्याच्या जमेस धरलें पाहिजे. भिन्नमताची दृष्टि मात्र वगळलेल्या एकाकडे आहे. ठशांची जुळणी हें अखेर संभाव्यतेचें गणित आहे. आणि माणसाची प्रतिष्ठा व त्याचे हक्क गणिताच्या संभाव्यतेवर टांगून ठेवतां येत नाहींत, असें त्याचें सार आहे. साऱ्या कायद्यासच धनविधेयकाच्या मार्गामुळें त्यांनीं घटनाबाह्य ठरविलें. एका निकालपत्राच्या मुळाशीं ‘ओळख’ हा शब्द आहे, दुसऱ्याच्या मुळाशीं ‘अधिकार’ हा. कार्डावरून जो शब्द पुसला गेला होता, तो या भिन्नमतपत्रिकेंत पुन्हां उमटला.

येथवर गोष्ट घरची झाली. परंतु आधाराची कीर्ति देशाबाहेर गेली, आणि पुष्कळ राष्ट्रांनीं तिचें अनुकरण करण्याचें मनांत आणिलें. बेंगळूर येथील आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान संस्थेंत २०१८ सालीं ‘मोसिप’ नांवाची एक संगणक-प्रणाली सिद्ध होऊं लागली. ती म्हणजे आधार नव्हे. पण आधाराच्या अनुभवावर, कोणत्याही गरीब राष्ट्रास फुकट उचलतां यावी आणि आपापल्या सोयीनें जुळवून घेतां यावी, अशी ती योजिलेली आहे. मोरोक्को, फिलिपाइन्स, इथिओपिया या देशांनीं ती स्वीकारली. इथिओपियानें आपल्या ओळखक्रमांकास नांव दिलें ‘फायदा’! मराठी वाचकास हा शब्द ऐकून हंसूं येईल. तो मूळचा अरबी, आमच्या भाषेंतही आला आणि तिकडेही गेला. पण शब्दांची ही परंपरा नीट पाहा. आम्हीं आरंभ केला तो ‘अधिकार’ या शब्दानें. पुढें तो ‘ओळख’ झाला. परदेशीं पोंचतां पोंचतां तो ‘फायदा’ झाला. २०२३ सालीं दिल्लींत वीस राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हां अशा सार्वजनिक संगणकीय व्यवस्था जगास देऊं करणें हें आपलें भूषण म्हणून मांडण्यांत आलें. तें भूषण नाहींच असें आम्ही म्हणत नाहीं. यंत्रसामग्री नेहमीं बाहेरून आणणारा देश आज कांहीं देऊं शकतो, याचा कोणास आनंद होणार नाहीं? आमचें म्हणणें एवढेंच कीं, देणगी देतांना तिच्याबरोबर तिची दुसरी बाजूही द्यावी.

कारण दुसरी बाजूही जगांत पोंचली आहेच. मात्र ती कोणी पाठविली नाहीं. जमैका देशानें सक्तीच्या राष्ट्रीय नोंदणीचा कायदा केला, आणि नोंदणी न करणें हा अपराध ठरविला. १२ एप्रिल २०१९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला. आणि मुख्य न्यायाधीश ब्रायन साइक्स यांनीं आपल्या निकालपत्रांत दिल्लीच्या बहुमतापेक्षां न्या. चंद्रचूड यांच्या भिन्नमताचा आधार घेतला. केनियांत ‘हुदुमा नंबा’ या ओळखक्रमांकाविरुद्ध न्यूबियन लोकांच्या हक्कांसाठीं झटणारी संस्था न्यायालयांत गेली. या समाजास कागदपत्रें मिळविणें मुळांतच कठीण. सर्व सेवा एका क्रमांकास बांधल्या तर आपण कायमचे बाहेर राहूं, हें त्यांचें भय. पाड्यावरच्या माणसाचें भय याहून वेगळें काय आहे? ३० जानेवारी २०२० रोजीं नैरोबीच्या उच्च न्यायालयानें, पुरेशी कायदेशीर चौकट असल्याशिवाय ही योजना पुढें नेऊं नये, असें ठरविलें, आणि माणसाचें जनुकद्रव्य व ठावठिकाणा टिपण्याची तरतूद रद्द केली. त्या निकालांतही आधार खटल्याची चर्चा आहे. म्हणजे भारतांतून दोन वस्तु बाहेर गेल्या. एक प्रणाली, तिच्या पाठीशीं धनिक न्यासांचे पैसे, परिषदा आणि करार होते. दुसरी एका न्यायाधीशाचें मत. तें आपल्याच देशांत हरलें होतें, आणि दूर देशीं कोणा न्यायाधीशानें तें वाचलें म्हणून तेथें तें जिंकलें. टीकाकार या नात्यानें आम्हांस या दुसऱ्या प्रवासाचें अधिक कौतुक वाटतें.

कोणी म्हणेल, ओळख देणें वेगळें आणि पाळत ठेवणें वेगळें. तुम्ही दोहोंची गल्लत करीत आहां. हा भेद आम्हांस मान्य आहे. पेगासससारखें हेरयंत्र, जें इस्रायली कंपनी सरकारांना विकते आणि जें माणसाच्या भ्रमणध्वनींत चोरून शिरतें, त्याची व आधाराची एकाच तागडींत तुलना करणें अन्यायाचें होईल. पण एक गंमत पाहा. पेगासस परदेशीं विकावयाचें तर इस्रायलच्या संरक्षण खात्याचा परवाना लागतो. कारण तें हत्यार आहे हें सर्वांस ठाऊक आहे. त्या परवान्यानें दुरुपयोग थांबला नाहीं ही गोष्ट निराळी. निदान प्रश्न विचारण्याची एक जागा तरी आहे. ओळखीची प्रणाली पाठवितांना मात्र कोणी विचारीत नाहीं कीं, घेणाऱ्या देशांत न्यायालय स्वतंत्र आहे काय, माहिती-रक्षणाचा कायदा आहे काय, आणि चुकून वगळल्या गेलेल्या माणसानें जावें कोठें? आमच्या घरींच हे प्रश्न पुरते सुटलेले नाहींत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आम्हीं केला तो २०२३ सालीं, म्हणजे टेंभलीनंतर तेरा वर्षांनीं. आणि त्यांतही, ठराविक कारणांसाठीं आपल्या वाटेल त्या खात्यास त्यांतून वगळण्याची मोकळीक शासनानें स्वतःकडे ठेविली आहे.

ओळख आणि पाळत यांमधील भिंत किती पातळ आहे, हेंही आम्हांस खानदेशांतच दिसलें. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार होता. सोलापूरकडून भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, मुलें पळविणारी टोळी समजून, जमावानें ठार केलें. व्हॉट्सॲपवरून त्या दिवसांत अशा अफवा गांवोगांव फिरत होत्या. हें साधनही बाहेरून आलेलें. तें बनविणारांस राईनपाडा कोठें आहे हें माहीत नव्हतें, आणि राईनपाड्यास तें बनविणारे कोण हें माहीत नव्हतें. पाहुणा आला तर त्यास गांवचें नांव विचारावें, पाणी द्यावें, ही जी ओळख करून घेण्याची जुनी रीत, ती त्या दिवशीं मोडली. आणि देशभर वांटलेले कोट्यवधि क्रमांक त्या पांच जणांच्या उपयोगीं पडले नाहींत. ओळखपत्र असणें म्हणजे ओळखीचें असणें नव्हे, आणि सुरक्षित असणें तर नव्हेच.

या हत्यांनंतर जे उपाय झाले ते दोन प्रकारचे होते. कंपनीनें त्याच महिन्यांत भारतापुरतें, एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येणार नाहीं, असें बंधन जाहीर केलें, आणि २०१९ च्या जानेवारींत तें साऱ्या जगास लागू केलें. खानदेशांतील आणि देशांतील इतर ठिकाणच्या अशा बळींमुळें झालेली ही एक सुधारणा. तिनें कोणाच्या हक्कास धक्का लागला नाहीं. शासनाची मागणी मात्र निराळी होती: संदेश प्रथम कोणी लिहिला हें शोधून देण्याची सोय कंपनीनें ठेवावी. २०२१ च्या फेब्रुवारींत तसा नियमच झाला, आणि कंपनीनें त्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली. अपराध्यास शोधावें हें कोणास नको आहे? पण एकाचा माग काढतां यावा म्हणून सर्वांच्या पत्रांवर खूण करून ठेवावी लागते. राईनपाड्यास त्या दिवशीं उणीव होती ती वेळीं पोंचणाऱ्या पोलिसांची आणि धीरानें मधें उभ्या राहणाऱ्या शहाण्या माणसांची. साऱ्या देशाच्या खासगी पत्रांची यादी जवळ नव्हती म्हणून तो अनर्थ झाला नाहीं.

‘आमच्याजवळ लपविण्यासारखें आहे काय?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांत वारंवार ऐकूं येतो. तो विचारणारांस आम्ही धुळ्याच्याच एका थोर पुरुषाचें स्मरण करून देऊं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या शोधार्थ घरोघर हिंडले. कोणी त्यांस दप्तरें उघडून दिलीं, कोणी दारावरून परत पाठविलें. राजवाडे संतापत असत, आणि त्यांच्या संतापास कारणही होतें. पण दप्तर दाखवावें कीं न दाखवावें हें त्या घराच्या हातीं होतें. त्यांच्या मागें धुळ्यास उभें राहिलेलें संशोधन मंदिर अशा राजीखुषीनें आलेल्या कागदांवर उभें आहे. आज आमचें प्रत्येकाचें दप्तर आमच्या बोटांच्या टोंकांवर घेऊन आम्ही हिंडतों. तें उघडण्यास कोणी दारीं येत नाहीं, आणि म्हणून नाहीं म्हणण्याचा प्रसंगही येत नाहीं. लपविण्यासारखें असणें ही एक गोष्ट, आणि नाहीं म्हणतां येणें ही दुसरी. पहिली चोरास लागते; दुसरी सर्वांस लागते, आणि दुर्बळास अधिक लागते.

मग आमचें मागणें काय? कार्ड फाडून टाकावें, असें आम्ही म्हणत नाहीं. टेंभलीच्या माणसास कागद हवा होता, आजही हवा आहे. ज्या दुकानीं यंत्र नाहीं म्हणतें, त्या दुकानीं हो म्हणण्याचा अधिकार असलेला एक मनुष्य असावा, आणि न देणाऱ्यानें कां दिलें नाहीं हें त्यानें लेखी सांगावें. म्हणजे पुरावा देण्याचा भार उपाशी माणसावर न राहतां नाकारणाऱ्यावर येईल. परदेशीं ही व्यवस्था पाठवावयाची तर तिच्याबरोबर सिमडेग्याची कहाणी, झारखंड-राजस्थानचे ते आंकडे आणि २०१८ चीं दोन्ही निकालपत्रें पाठवावीं. घेणाऱ्यानें काय घ्यावें तें त्यानें ठरवावें. आपल्या यंत्राच्या चुका सांगून तें देणारा देश लहान होत नाहीं.

आणि वाचकांस एक विनंति. आज घरीं गेल्यावर आपापलीं कार्डें काढून तीं खालची ओळ वाचावी. घरांत कोणा वडीलधाऱ्याचें जुनें कार्ड असेल तर त्यावर कदाचित् ‘अधिकार’ हा शब्द अजून दिसेल. मुलांच्या कार्डावर तो दिसणार नाहीं. तीं दोन्ही कार्डें शेजारीं ठेवून तो शब्द कां गेला, एवढें मुलांनीं विचारलें, आणि वडिलांनीं तें हंसण्यावारी नेलें नाहीं, तर हें परीक्षण लिहिण्याचे आमचे श्रम वायां गेले नाहींत असें आम्ही समजूं.